डाव्या रकान्यातलं नाव

रविवार, २५ सप्टेंबर १९८३

आज पेटी आवरताना बी.ए.चा ग्रुप फोटो हाती आला आणि लक्षात आलं, की गेल्या एप्रिलमध्ये आम्हाला पदवी मिळून पंचवीस वर्षं झाली. आम्हा पाच जणींपैकी एकीलाही ते आठवलं नाही. मुख्याध्यापिका झाल्यापासून मला फक्त दुसऱ्यांच्या परीक्षांच्या तारखा आठवतात.

वर्गात नव्वद मुलगे आणि आम्ही पाच मुली. मुलींचे हजेरी नंबर मुलांच्या शेपटाला, एक्क्याण्णव ते पंच्याण्णव. सर येईपर्यंत लेडीज रूममध्ये थांबायचं आणि त्यांच्या मागून खाली मान घालून वर्गात शिरायचं. इंदू तेवढी मान वर करून शिरायची. तिला मान खाली घालून उपयोगच नव्हता, सरांपेक्षा ती चार बोटं उंच होती. फोटोतही तिचं डोकं सगळ्यांच्या वर निघालं आहे.

तेव्हा ठरवलं. डिसेंबरच्या पंचवीस तारखेला, नाताळच्या सुट्टीत, पाचही जणींनी नागपुरात जमायचं. माझ्या शाळेचा हॉल आहेच.

पत्त्यांची वही माझ्याकडे असते. कारण उघड आहे. मी लग्न केलं नाही, त्यामुळे माझा पत्ता आणि नाव दोन्ही जागेवर आहेत. बाकीच्यांचं तसं नाही. लग्नात आडनाव जातंच, शिवाय ताटातल्या तांदळात नवऱ्याने अंगठीने नवं नाव लिहिलं, की पहिलं नावही जातं. म्हणून वहीत दोन रकाने आखले आहेत. डाव्यात माहेरचं नाव, उजव्यात सासरचं. नियम सोपा आहे. पाकिटावर उजवं नाव, नाहीतर पोस्टमन पत्र देत नाही. आत मायन्यात डावं नाव, नाहीतर मी पत्र लिहीत नाही.

पुष्पलता रायपूरला जाऊन माधुरी झाली, कौसल्या अकोल्याला शकुंतला. गोपिका मेश्राम तेवढी दोन्हीकडे गोपिका आहे. तिने सासरी सांगितलं होतं, "छप्पन साली धर्म बदलला तो आम्ही आपल्या मनानं बदलला. नाव बदलायचं झालं तर तेही माझ्या मनानं बदलीन." ती इथेच सदरला टेलिफोन ऑफिसात आहे. इंदू झाडे, उजवीकडे सौ. वच्छला बबनराव वैरागडे, कापड दुकान, अहेरी. माझा उजवा रकाना रिकामा. पाच जणींत जिचं अख्खं नाव टिकलं तिचं आडनाव निनावे, हा विनोद खरं म्हणजे इंदूने करायला हवा होता. पण अलीकडे तिच्या पत्रांत विनोद नसतो.

चारही पत्रं आजच पेटीत टाकली. पाचही जणी येणार म्हणजे येणार. माझ्या हजेरीत गैरहजेरी चालत नाही.

बुधवार, १२ ऑक्टोबर

पुष्पलता येते आहे. कौसल्याही, "यांना विचारून" येते आहे. सेहेचाळीस वर्षांची बाई विचारून येते! असो, येते ना.

इंदूचं पत्र आलं आणि दिवस खराब गेला. लिहिते, "जयवंताताई, माझं येणं नको. गुडघे दुखतात, दुकानात यांना मदतीला कोणी नाही. आणि मी आले तर सगळ्यांचा विरस होईल. तुम्ही सगळ्या भेटा आणि मला सविस्तर लिहा. ते वाचलं की मी आल्यासारखंच आहे. तुमची वच्छला."

किती वेळा सांगितलं, मला ताई म्हणू नकोस, तू माझ्याहून वर्षाने मोठी आहेस. आणि वच्छला म्हणून सही करू नकोस. सासरच्यांनी ठेवलेल्या नावाशी मला काय करायचं? पण ऐकत नाही. लग्नानंतर चोवीस वर्षांत ती एकदाही नागपूरला आलेली नाही. मी दोनदा अहेरीला निघाले, एकदा नदीला पूर, एकदा तिच्याकडे गोवर. तिचं माहेरही राहिलं नाही. वडील रेल्वेत, तिच्या लग्नानंतर लगेच बदलून बिलासपूरकडे गेले.

एकोणसाठला लग्न झाल्यावर तिची दोन पत्रं आली, दोन-दोन ओळींची. मग तीन वर्षं काहीच नाही. बासष्टच्या पावसाळ्यात मी चिडून सहा पानं लिहिली. पहिलं वाक्य अजून पाठ आहे, "प्रिय इंदू, मेलीस की काय?" त्यावर महिन्याने कार्ड आलं. "मी खुशाल आहे. तुमचं पत्तर वाचून रडू आलं. अजून लिवा."

पत्तर! लिवा! बी.ए. झालेली बाई! मी ते कार्ड लाल शाईने दुरुस्त करून परत पाठवलं. पुढची तीन-चार वर्षं तिची सगळी पत्रं मी तशीच तपासून परत पाठवत होते. तिने कधी राग मानला नाही. सासरी वाचन सुटलं की अशी गत होते. पण सुधारली. आज तिचं शुद्धलेखन माझ्या शाळेतल्या दोन शिक्षिकांपेक्षा चांगलं आहे.

मंगळवार, १८ ऑक्टोबर

गोपिका आली होती. दोन दिवस दीक्षाभूमीवर आलेल्या लोकांना पाणी देऊन तिचे हात सुजले आहेत. तरी पायरी चढल्या चढल्या म्हणाली, "इंदूचं पत्र दाखव."

मी मागाच्या खड्ड्यावरच्या फळ्या काढल्या. बाबांचा हातमाग त्यांच्यामागे मी विकला, पण जमिनीतला खड्डा कोण विकत घेणार? त्यात आता पत्रांची पेटी असते. गोपिकाने एक पत्र पाहिलं, दोन पाहिली, दहा पाहिली. मग चष्मा काढला.

"हे इंदू लिहून राहिली काय खरंच?"

"म्हणजे?"

"अवं, मी चार वर्षं तिच्या बाजूले बसली. तिच्या नोट्स उतरवून पास झाली. हे तिचं अक्षर नाही."

"लग्नानंतर अक्षर बदलतं."

"माझं काहून नाही बदललं मग?"

"तुझं आधीच खराब होतं."

ती हसली नाही. म्हणाली, "एक गोष्ट विचारून पाय. अशी, जे फक्त इंदूले माहीत."

मला संताप आला. मी दिवसभर पोरींच्या परीक्षा घेते, मैत्रिणीची घेणार नाही, असं तोंडावर सांगितलं. चहा न घेताच गेली. जाऊ दे. गोपिकाला वाटतं, इंदू मला एवढं लिहिते आणि तिला का नाही. मत्सर आहे, दुसरं काही नाही.

सदुसष्टला त्या भंडाऱ्याच्या वकिलाचं स्थळ आलं तेव्हा घरातले सगळे माझ्या मागे लागले होते. एकट्या इंदूने लिहिलं, "होकार द्यायचा असता तर तुम्ही मला विचारलंच नसतं." कॉलेजातली इंदू इतकं शहाणं कधी बोलली नव्हती. संसाराने माणूस सुधारतो, हे मी तिच्यावरूनच म्हणते.

शनिवार, २२ ऑक्टोबर

इंदूला पत्र टाकलं. शेवटी सहज लिहिलं, "अंबाझरीच्या सहलीत माझं काय बुडालं होतं, आठवतं का गं?" परीक्षा म्हणून नव्हे. गोपिकाचं तोंड बंद करायला.

(तिने माझी चप्पल तलावात फेकली होती. आणि मग स्वतःच्या दोन्ही चपला हातात घेऊन माझ्याबरोबर अनवाणी सीताबर्डीपर्यंत चालत आली. अशी होती इंदू.)

गुरुवार, ३ नोव्हेंबर

दिवाळीचं पार्सल आलं. दरवर्षीप्रमाणे चारोळी, मांजरपाटाच्या पिशवीत शिवलेली. आम्ही विणकराच्या जातीचे, कापड हातात आलं की आधी डोळा शिवणीवर जातो. एक टाका इकडचा तिकडे नाही. कॉलेजात हिच्या ब्लाउजची गुंडी तुटली तर मी लावून द्यायची, हिला सुईत दोरा ओवता येत नव्हता.

आत पत्र होतं. "ताई, अंबाझरीचं मला आठवत नाही. खरं सांगायचं तर त्या दिवसांतलं मला काहीच आठवत नाही. तुमच्या पत्रांतून जेवढं कळलं तेवढंच माझ्याजवळ आहे. म्हणून म्हणते, मला बोलावू नका."

दोनदा वाचलं. काहीच आठवत नाही! म्हणजे एवढी वर्षं ती टाळत होती ते गुडघ्यांमुळे नाही. तिला काहीतरी डोक्याचं दुखणं आहे आणि ती लपवते आहे. आणि मी मात्र तिला शुद्धलेखनावरून बोलले. लहानपणीचे शब्दही विसरली होती बिचारी, तेव्हापासूनच सुरुवात असणार.

उद्या लक्ष्मीपूजन. कशात मन नाही.

बुधवार, ९ नोव्हेंबर

गल्लीतल्या डॉक्टरांकडे जाऊन आले. सगळं सांगितलं. त्यांनी विचारलं, "रोजच्या गोष्टी विसरतात का?"

"नाही. मागच्या पत्रात चारोळीच्या बर्फीची सगळी कृती लिहिली आहे."

"तुमच्या गोष्टी?"

"एकही नाही. बाबा कोणत्या तिथीला गेले, तेसुद्धा तिलाच आठवतं."

"मग तुमच्या मैत्रिणीची स्मरणशक्ती चांगली आहे, बाई. कॉलेजचं त्या विसरल्या नसतील. कदाचित त्यांना ते ठाऊकच नसेल."

एवढे शिकलेले डॉक्टर, आणि बोलणं असं. कॉलेजात असून कॉलेज ठाऊक कसं नसेल? मी फी ठेवून उठले.

ठरवलं आहे. रजा टाकून अहेरीला जायचं आणि हाताला धरून तिला आणायचं. इथल्या मोठ्या दवाखान्यात दाखवायचं, गरज पडली तर माझ्याजवळ ठेवून घ्यायचं. दोन खोल्या मला एकटीला तशाही जास्त होतात. गोपिकाला फोन करून सांगितलं. ती म्हणाली, "नको जाऊ वं, जयवंता. तिले येऊ दे. तिच्या मनानं." भांडणानंतर तिने मला पहिल्यांदा नावाने हाक मारली, तेव्हा मी वाद घातला नाही. पण पत्र टाकलं, की मी येते आहे.

सोमवार, २१ नोव्हेंबर

उलट टपाली उत्तर. "ताई, तुम्ही येऊ नका. मीच येते. चोवीस तारखेला दुपारच्या चंद्रपूरच्या गाडीने. सगळ्यांच्या आधी मला तुम्हाला एकटीला भेटायचं आहे. मी हिरव्या पातळात असेन. तुम्ही मला ओळखणार नाही."

मी ओळखणार नाही! गर्दीत सगळ्यांच्या वर जिचं डोकं निघेल ती इंदू. रडले थोडी. येते आहे, बास.

रविवार, १८ डिसेंबर

अधिवेशनामुळे गाव भरलं आहे, रिक्षावाले आमदाराशिवाय कोणाकडे बघत नाहीत. पुष्पलता आणि कौसल्या माझ्याकडेच उतरतील, पंचवीसला सकाळी. इंदू आदल्या दिवसापासून. तिच्यासाठी खाटेवर नवी गादी भरून घेतली. पाय बाहेर येऊ नयेत म्हणून पायथ्याशी बाकडं लावून ठेवलं आहे.

बेत असा : सांबारवडी, वडाभात, ताकाची कढी आणि संत्री. शाळेतली शिपाईण सखूबाई म्हणाली, "बाई, तुम्ही आज नाचून राहिल्या." मी तिला दटावलं, पण खरंच होतं.

जुनी हजेरी मी नव्या कागदावर लिहून घेतली आहे. एक्क्याण्णव ते पंच्याण्णव. हॉलात सरांसारखी हजेरी घेणार.

शनिवार, २४ डिसेंबर. संध्याकाळ.

आज अक्षर वाईट येईल. येऊ दे.

गाडी अडीचला आली. मी उतरणाऱ्या प्रत्येकाच्या डोक्याच्या वर बघत होते. सगळे उतरले, कंडक्टरही उतरला. इंदू नाही. मी परत फिरणार तेवढ्यात खांद्याच्या खालून आवाज आला, "जयवंताताई?"

हिरव्या पातळातली एक बुटकी बाई. चाळिशीची, कपाळावर गोंदलेलं. हातात मांजरपाटाची पिशवी, त्या शिवणीची.

"हो. आपण?"

"मी वच्छला."

"इंदू कुठाय? तिला बरं नाही का? तुम्ही तिच्या कोण?"

ती म्हणाली, "मी त्यांच्या जाग्यावर आली, ताई."

मला कळलं नाही. खरंच कळलं नाही. हाताला धरून इंदूला मी आणणार होते, आणि हीच मला हाताला धरून बाकावर घेऊन गेली. मग तिने पदराआडून गळ्यातला काळा दोरा बाहेर काढला. मंगळसूत्राच्या खाली एक चांदीचा टाक होता, बाईचं चित्र ठोकलेला, झिजून गुळगुळीत झालेला. दुसरपणाची बायको पहिलीचा टाक गळ्यात घालते, एवढं मलाही माहीत आहे.

"एकसष्टच्या पावसाळ्यात गेल्या," ती म्हणाली. "बाळंतपणात. बाळही नाही राहिलं. नदीले पूर होता, चांद्याच्या दवाखान्यात नेता आलं नाही. मले पुढच्या उन्हाळ्यात करून आणलं. तांदळात नाव त्यायचंच लिवलं. सासू म्हणे, घराच्या तोंडात बसलं हाय, आता नवं कोण घोकत बसन."

तीच बोलत होती, शाळेत धडा म्हणून दाखवतात तशी, पाठ करून आली असावी.

"दोन महिन्यांनी पोस्टमन पाकीट घेऊन आला. म्हणे, वच्छलाबाई कोण? मी म्हटलं, मीच. खोटं नाही बोलली, ताई. माझ्या नावानं जन्मात पत्र आलं नव्हतं. चौथी शिकली होती, लावून लावून वाचलं. तुम्ही विचारलं होतं, मेलीस की काय. आता मी कसं लिवू, की हो, मेली?"

"लिहायला हवं होतं."

"हो."

"तुमच्या यजमानांना ठाऊक आहे?"

"त्यायनं पाकीट पाहिलं. दुसऱ्या दिवशी चार कोरी कार्डं आणून कोनाड्यात ठेवली." तिने टाक परत पदराआड घातला. "एकच लिवीन म्हटलं होतं. तर ते तुम्ही लाल शाईनं दुरुस्त करून पाठवलं. मले वाटलं, कोणी आपल्याले शिकवून राहिलं."

एकवीस वर्षं! मी बसस्टँडवर ओरडले, लोक बघायला लागले. तुम्ही मला फसवलंत, म्हटलं. माझी मैत्रीण मेली आणि तुम्ही मला तिच्यासाठी रडूसुद्धा दिलं नाही. ती फक्त "हो" म्हणाली. बाजू मांडली असती तर मी आणखी भांडले असते. तिने बाजूच मांडली नाही.

नव्या गादीवर तिला आणणं मला जमेना. रिक्षा करून इंदोऱ्याला गोपिकाकडे नेलं. वाटभर ती एका बाजूला बघत होती, मी दुसऱ्या. गोपिकाने दार उघडलं, एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. "ये वं बाई, आत ये. सकाळपासून जेवली का काही?" एवढंच म्हणाली. मी दारातूनच परतले.

घरी येऊन खड्ड्यावरच्या फळ्या काढल्या आणि पत्रं जमिनीवर मांडली. इंदूची खरी पत्रं दोन. दोन्ही मिळून चार ओळी. त्यांवर हात ठेवून मी खूप रडले. बावीस वर्षं उशिरा. माझी उंच, आळशी, आगाऊ इंदू, चोविसाव्या वर्षी गेली आणि मी तिला "मेलीस की काय" म्हणून रागावत होते.

मग दुसऱ्या ढिगाकडे पाहिलं. बाबा गेले तेव्हाचं पत्र वर होतं. "रोज त्यांच्या वाटणीची भाकर टाकायची सवय मोडू नका. टाका, आणि ती तुम्हीच खा. तुम्ही दोन दिवसांपासून जेवल्या नसाल." तेव्हा खरंच दोन दिवस जेवले नव्हते. तिला कसं कळलं होतं?

इंदूने मला ओळखलं तीन-चार वर्षं. हिने एकवीस. ही पत्रं खोटी म्हणून चुलीत घालायची, तर माझ्या आयुष्याला साक्षीदारच कोणी राहत नाही.

आणि मी तिला तिचं नावसुद्धा विचारलं नाही.

रविवार, २५ डिसेंबर

पहाटे उठून इंदोऱ्याला गेले. पुष्पलता आणि कौसल्या स्टेशनवरून येऊन कुलूप पाहतील, पाहू देत. गोपिकाच्या ओट्यावर ती पिशवी घेऊन तयार बसली होती. सकाळच्या गाडीने परत जायचं म्हणत होती. मांडीवर एक जाड वही होती.

गोपिका म्हणाली, "हे पाय आधी. मग बोल काय बोलायचं ते."

वहीत माझी लाल शाई होती. म्हणजे तिच्या हाताने उतरवलेली. 'पत्तर' खोडून 'पत्र', 'लिवा' खोडून 'लिहा', प्रत्येक शब्द दहा वेळा. बासष्टपासून. मागच्या पानांवर माझ्या पत्रांतले अवघड शब्द, अर्थासकट. पंचवीस वर्षं शिकवते आहे. मी सांगितलेली प्रत्येक दुरुस्ती जिने केली अशी ही एकच विद्यार्थिनी.

मी तिच्या शेजारी ओट्यावर बसले. विचारलं, "तुझं नाव काय?"

"वच्छ..."

"ते नाही. डावं."

माझ्या रकान्यांची गोष्ट मी तिला कधीतरी लिहिली असणार, कारण तिला लगेच कळलं. "मैना," ती म्हणाली. "मैना भांडेकर. बासष्टपासून कोणी म्हटलं नाही."

"चल मग, मैना. उशीर होतो आहे. वडाभात निवेल."

पुष्पलता आणि कौसल्याला मी हॉलातच सगळं सांगितलं. कौसल्या हुंदके देऊन रडली. पुष्पलता मैनापासून दोन बाकं दूर जाऊन बसली. मग मी टेबलामागे उभी राहून हजेरी घेतली.

"एक्क्याण्णव."

"हजर," गोपिका म्हणाली. ब्याण्णव, कौसल्या. त्र्याण्णव मी, माझं मीच म्हटलं.

"चौऱ्याण्णव." हे इंदूचं. बाहेर रिक्षांचे भोंगे वाजत होते. तेव्हा मैना शेवटच्या बाकावरून उठून पुढे आली आणि तिने गळ्यातला टाक पदरावर काढून ठेवला. "ह्या इथं आहेत," ती हळूच म्हणाली. आम्ही सगळ्या उभ्या राहिलो. पुष्पलता सगळ्यांत आधी पुढे झाली. तिने टाकाला हात लावून नमस्कार केला, आणि तोच हात मैनाच्या पाठीवर ठेवला.

पंच्याण्णव पुष्पलता.

मी कागद खाली ठेवणार होते, पण ठेवला नाही. पेन घेऊन एक ओळ वाढवली.

"शहाण्णव. मैना भांडेकर."

ती मागे वळून बघायला लागली, आणखी कोणी आलं की काय म्हणून. गोपिकाने कोपर मारलं, "अवं, तुलेच बोलावून राहिली!"

तेव्हा ती "हजर" म्हणाली, इतक्या हळू की वर्गात असती तर मी गैरहजर मांडली असती.

जेवताना तिने मला विचारलं, "अंबाझरीले काय बुडालं होतं, ताई?" मी चप्पल फेकल्याची गोष्ट सांगितली. ती पोट धरून हसली. मग म्हणाली, "आता हे माझ्याजवळ राहीन." नव्या गादीवर ती आडवी झाली तेव्हा पायथ्याच्या बाकड्याकडे दोघींनीही पाहिलं. मी ते काढलं नाही.

शनिवार, १४ जानेवारी १९८४. संक्रांत.

पंधरवड्यापूर्वी अहेरीला तिळगूळ पाठवला, तेव्हा एकवीस वर्षांचा माझा नियम मोडला. पाकिटावर 'मैना भांडेकर, अहेरी' एवढंच लिहिलं. दुकानाचं नाव नाही, नवऱ्याचं नाही. गोपिका म्हणाली, परत येणार. मीही तेच धरून चालले होते.

आज उत्तर आलं. सगळंच उतरवून ठेवते.

"ताई, तिळगूळ मिळाला. पण पोहोचायला दोन दिवस जास्त लागले. पोस्टमन सगळ्या आळीत विचारत फिरला, मैना कोण, मैना कोण. कोणालाच माहीत नाही. आमच्या दुकानासमोर येऊन यांना विचारलं, तर यांनाही पटकन सुचलं नाही. मी आत कापड मोजत होते. गज खाली ठेवला, बाहेर आले आणि म्हटलं, मीच."

खाली सही आहे, "तुझी मैना". 'तुझी' असं तिने आयुष्यात पहिल्यांदा लिहिलं आहे. चूक शोधूनही सापडली नाही.